हरिकेनचा सीझन आलाय, घरात काय काय भरून ठेवू?

प्रश्न: ताई, आम्ही जानेवारीत पुण्याहून ह्यूस्टनला आलो, केटीला अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर राहतो. मी, नवरा, आठ महिन्यांचं बाळ (फॉर्म्युलावर आहे) आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. त्यांना डायबिटीस आहे, इन्सुलिन घेतात. त्यांचं घर अलिबागच्या बाजूला आहे, निसर्ग वादळात घराचे पत्रे उडाले होते, त्यामुळे इथल्या टीव्हीवर हरिकेन शब्द आला तरी त्या घाबरतात. नवरा म्हणतो की कॅटेगरी एक-दोनला काही होत नाही, आणि इथे सगळं मिळतं, वादळ यायचं ठरलं की एक चक्कर मारून आणू. मला ते पटत नाही, पण नक्की काय भरायचं, किती भरायचं, छोट्या घरात ठेवायचं कुठे, आणि घरी थांबायचं का निघायचं, काहीच कळत नाहीये. प्लीज सांगा. — केटीहून एक सून

उत्तर:

अगं, तू मे महिन्यातच हे विचारलंस ते फार बरं केलंस. सीझन 1 जूनला सुरू होतो आणि 30 नोव्हेंबरपर्यंत चालतो, खरा जोर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, त्यामुळे तुझ्या हातात निवांतपणे एकेक गोष्ट आणायला वेळ आहे.

आधी तुझ्या नवऱ्याच्या कॅटेगरीचं बघू, कारण ही समजूत आपल्या बऱ्याच घरांत आहे. कॅटेगरी म्हणजे फक्त वाऱ्याचा स्पीड. पाऊस किती पडणार, पाणी कुठपर्यंत चढणार, लाइट किती दिवस जाणार, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं. बेरिल नावाचं हरिकेन आलं ते 8 जुलै 2024 ला, कॅटेगरी एकच होतं, सकाळी आलं आणि दुपारपर्यंत पुढे निघूनही गेलं, पण ह्यूस्टन भागात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली आणि कितीतरी घरांत ती आठवडाभर आली नाही, तीसुद्धा जुलैच्या उकाड्यात. वादळात झाडं पडून माणसं गेली तशी नंतरच्या उकाड्यानेही गेली. आणि 2017 चं हार्वी, ते किनाऱ्याला रॉकपोर्टजवळ कॅटेगरी चार म्हणून धडकलं, पण ह्यूस्टनला पोचेपर्यंत वाऱ्याचा जोर उतरला होता, ह्यूस्टन बुडवलं ते पावसाने. टेक्ससमधल्याच नेदरलँड नावाच्या गावात तर साठ इंचांच्या वर पाऊस मोजला, म्हणजे दीड मीटर, एका वादळात.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की वादळाच्या त्या सात-आठ तासांची तयारी करू नकोस, वादळ गेल्यानंतरच्या आठवड्याची कर. लाइट नाही, एसी नाही, नळाला पाणी आहे पण पिण्यासारखं आहे का माहीत नाही, दुकानं बंद, पेट्रोल पंपावर रांग, आणि घरात एक बाळ आणि एक इन्सुलिनवाली आजी. हे चित्र डोळ्यासमोर ठेवून खरेदी केलीस की काय लागेल ते आपोआप सुचत जातं.

आणि ते "तेव्हा आणू" म्हणणं, त्याला जरा शांतपणे समजव. हरिकेन वॉच, म्हणजे वादळ येऊ शकतं अशी सूचना, निघतो तो जोराचे वारे यायच्या साधारण 48 तास आधी, आणि वॉर्निंग, म्हणजे वादळ येतंय असा इशारा, 36 तास आधी. म्हणजे टीव्हीवर वॉच दिसला त्या क्षणी अख्खं शहर गाडी काढून दुकानात जातं, आणि पहिल्यांदा संपतं ते पाणी, मग ब्रेड, बॅटऱ्या, मग बेबी फॉर्म्युला. तेव्हा तुला बाळाला कडेवर घेऊन त्या रांगेत उभं राहायचं नाहीये.

आता पाणी, आणि पाण्यापासूनच सुरू कर, कारण आपण मराठी माणसं काहीही झालं की आधी चिवडा करायला घेतो आणि पाण्याची आठवण शेवटी येते. हिशोब साधा आहे, माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास, पिणं आणि हात-तोंड धुणं धरून. कमीत कमी तीन दिवसांचं ठेव असं सांगतात, मी तुला सात दिवसांचं सांगेन. बाळालाही पूर्ण गॅलन धर, बाटल्या धुवायला तेवढं लागतंच. चार जण, सात दिवस, अठ्ठावीस गॅलन. अर्ध्या लिटरच्या चाळीस बाटल्यांचा जो केस मिळतो तो साधारण पाच गॅलनचा होतो, म्हणजे पाच-सहा केस झाले. ऐकायला डोंगर वाटतो पण दर आठवड्याला किराण्याबरोबर एक आणलास तर जून संपेपर्यंत पुरा होतो, आणि जागा म्हणशील तर बेडखाली, सोफ्यामागे, कपड्यांच्या क्लोजेटच्या तळाला, जिथे मावेल तिथे सरकवून दे. फक्त उन्हात, बाल्कनीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नकोस.

हे झालं प्यायचं. वापरायचं पाणी वेगळं, आणि ते फुकट आहे. वादळ यायच्या आदल्या दिवशी बाथटब घासून नळाचं पाणी भरून ठेव, फ्लश करायला बादलीने टाकता येतं. बाळ घरात आहे, म्हणून टब भरल्यावर त्या बाथरूमचं दार बंदच राहिलं पाहिजे, याबाबतीत अजिबात ढिलाई नको. आणि सासूबाईंना सांग की घरातली सगळी पातेली, कुकर, स्टीलचे मोठे डबे, झाकण असलेलं जे जे आहे ते भरून ठेवायचंय, त्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं जमतं, पाणी भरून ठेवण्यातच आयुष्य गेलेलं असतं त्या पिढीचं.

नळाचं पाणी उकळून प्या अशी नोटीस आली तर खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळायचं. तुझी शेगडी इलेक्ट्रिकची असेल आणि लाइट नसेल तर उकळणार कसं, त्यासाठी घरात साधा, वास नसलेला क्लोरीन ब्लीच ठेव. लेबल वाच, सहा टक्क्यांचा असेल तर एका गॅलनला आठ थेंब, सव्वाआठ टक्क्यांचा असेल तर सहा थेंब, ढवळायचं आणि अर्धा तास थांबायचं, नंतर क्लोरीनचा हलका वास यायला हवा. पाणी गढूळ दिसलं तर आधी स्वच्छ सुती कापडातून गाळून घे. थेंब मोजायला औषधाचा ड्रॉपर त्या ब्लीचच्या बाटलीला रबरबँडने बांधून ठेव आणि तो दुसऱ्या कशालाही वापरू नकोस. सुगंधी किंवा स्प्लॅशलेस लिहिलेलं ब्लीच चालत नाही. आणि रस्त्यावरचं पुराचं पाणी कितीही उकळलं, कितीही ब्लीच टाकलं तरी नाही, त्यात पेट्रोल, गटार, केमिकल सगळं असतं आणि ते उकळून जात नाही.

दुसरं, सासूबाईंचं इन्सुलिन. हे पाण्याइतकंच महत्त्वाचं आहे. न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये राहतं, पण वापरात असलेली पेनं किंवा बाटल्या बहुतेक प्रकारांत 86 फॅरनहाइटच्या, म्हणजे 30 सेल्सियसच्या खाली साधारण 28 दिवस चालतात, प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं म्हणून बॉक्समधलं पत्रक वाच आणि फार्मासिस्टला आत्ताच विचारून ठेव. अडचण अशी की लाइट गेल्यावर ह्यूस्टनचं घर दुसऱ्या दिवशीच 86 च्या वर जातं. तेव्हा एक छोटा चांगला कूलर आणि फ्रीझरमध्ये आइस पॅक तयार हवेत, पण इन्सुलिन थेट बर्फाला टेकवायचं नाही, एकदा गोठलं की ते टाकूनच द्यायचं. पॅक टॉवेलमध्ये गुंडाळ, त्यावर डबा, डब्यात इन्सुलिन आणि एक छोटा थर्मामीटर. पाण्यात भिजवायच्या पाऊच मिळतात त्याही ठेव, पण त्या बाष्पीभवनावर चालतात आणि आपल्याकडच्या दमट हवेत कमी गार होतात, म्हणून फक्त त्यांच्यावर भिस्त नको. सुया, ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्स, त्याचे सेल, वापरलेल्या सुया टाकायला जाड प्लास्टिकचा डबा. शुगर एकदम खाली गेली तर लगेच द्यायला ग्लुकोज टॅबलेट किंवा ज्यूसचे छोटे पॅक, हे त्यांच्या उशाशीच असू देत. बाकीच्या गोळ्याही निदान दोन आठवड्यांच्या पुढच्या हव्यात, आणि त्यांनी गोळ्या भारतातून आणल्या असतील तर ब्रँडच्या नावाने इथे कुणालाही काही कळणार नाही, डॉक्टरकडून औषधाचं मूळ नाव आणि डोस लिहिलेला कागद मागवून घे.

बाळासाठी पावडर फॉर्म्युला असेलच, पण वादळाच्या आठवड्यासाठी तयार लिक्विड फॉर्म्युल्याच्या छोट्या बाटल्या वेगळ्या आण. महाग पडतात, तरी घे, कारण त्यात पाणी मिसळावं लागत नाही आणि उघडून लगेच देता येतात. उरलेलं फ्रीजशिवाय ठेवून पुन्हा द्यायचं नाही म्हणून छोट्याच बाटल्या. त्या बाळाला चालतात का ते आत्ता एखादी देऊन बघ, ऐन वेळी नवीन चव नको. आणि पाणी कमी आहे म्हणून पावडर पातळ करून पाजायची नाही, कधीच नाही. डायपर, वाइप्स, थर्मामीटर, डॉक्टरने सांगितलेलं तापाचं औषध, हे तुला माहीतच आहे.

लाइट आणि उकाडा. अपार्टमेंटमध्ये जनरेटरचा विचार डोक्यातून काढून टाक. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास, आणि जनरेटर घरापासून, दारा-खिडक्यांपासून निदान वीस फूट लांब चालवायचा असतो, बाल्कनी म्हणजे लांब नव्हे. दर वादळानंतर इथे घरंच्या घरं यात सापडतात, वादळातून सुखरूप वाचलेली माणसं. कोळशाची ग्रिल, कॅम्पिंगचा स्टोव्ह यांचंही तेच, घरात नाही, गॅरेजमध्ये नाही, दार उघडं ठेवूनही नाही. सेलवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घे, कारण तू काळजी घेशील पण खालच्या मजल्यावरचा घेईलच असं नाही. तुझ्यासाठी बरं काय, तर एक रिचार्जेबल पॉवर स्टेशन, म्हणजे घरात ठेवायची मोठी बॅटरी, परवडेल तेवढं मोठं, त्यावर फोन आणि एक छोटा पंखा चालतो. दोन-तीन पॉवर बँक, बॅटरीचे पंखे, एलईडी टॉर्च प्रत्येकाला एक, आणि बॅटरीवरचा वेदर रेडिओ, कारण टॉवर पडले की फोनवर काही कळत नाही. मेणबत्त्या नकोत. सासूबाईंना देवापुढे दिवा लावायचा असेल तर समोर बसून, आणि उठताना शांत करूनच उठायचं.

पंख्याबद्दल एक लक्षात ठेव, घरातलं तापमान नव्वदीच्या वर चढत गेलं की पंखा नुसती गरम हवा फिरवतो, तेव्हा ओल्या फडक्याने अंग पुसणं, आणि सरळ कूलिंग सेंटर, म्हणजे लोकांना गारव्याला बसता येईल अशी सार्वजनिक जागा, गाठणं. कुठे उघडलंय ते 211 नंबरवर विचारता येतं. बाळ आणि वयस्कर माणूस उकाड्यात आपल्यापेक्षा फार लवकर खचतात, आणि आजी "मला काही होत नाही" म्हणणारच, तिचं ऐकू नकोस.

आता खाणं, जे मी मुद्दाम मागे ठेवलं. यात तुला टेन्शन घ्यायचं कारणच नाही, न शिजवता खायचं आपल्याकडे इतकं आहे की इथल्या लोकांना हेवा वाटावा. पातळ पोहे ठेव, दडपे पोह्याला शेगडी लागत नाही, कांदा, लिंबू, सुकं खोबरं, दाण्याचं कूट, झालं. चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, खाकरे, मेतकूट, दाण्याची चटणी, दूध पावडर, टेट्रापॅकमधलं दूध आणि ताक. बाळाला मॅश केलेल्या फळांचे पाऊच. इंडियन स्टोअरमधली रेडी-टू-ईट पाकिटं गार खाल्ली तरी चालतात, गरम करणं चवीसाठी असतं. छोले-राजम्याचे डबे घेशील तर हाताने चालवायचा कॅन ओपनर घे, आपल्या बऱ्याच घरांत तो नसतोच. फक्त चिवडा-फरसाण बेतानं, खारट खाल्लं की पाणी जास्त लागतं आणि पाणीच मोजकं आहे. आणि लाडू, खजूर, राजगिऱ्याची वडी तुमच्यासाठी, सासूबाईंच्या वाटणीचं वेगळं काढ, नाहीतर आठवडाभर सगळे गोडावर राहतात आणि त्यांची शुगर चढते. दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या आदल्या दिवशी करून घ्या, पहिले दोन दिवस निघतात.

फ्रीज बंद ठेवला तर लाइट गेल्यावर साधारण चार तास गार राहतो, भरलेला फ्रीझर 48 तास, अर्धा भरलेला 24. म्हणून फ्रीझरमधली रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरून टाक, थोड्या रिकाम्या करून, बर्फ झाला की पाणी फुगतं. अजून एक युक्ती, छोट्या वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेव आणि ती फ्रीझरमध्येच राहू दे. घर सोडून जायची वेळ आली आणि परत आल्यावर नाणं वाटीच्या तळाशी दिसलं, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय, सगळं फेकायचं. नाणं वरच असेल तर ठीक. वास घेऊन किंवा चाखून ठरवायचं नाही.

कागदपत्रं एका झिपवाल्या वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, सगळ्यांचे पासपोर्ट, व्हिसाचे कागद, बाळाचा जन्मदाखला, लीज, इन्शुरन्स, सासूबाईंची प्रिस्क्रिप्शन्स, आणि सगळ्याचे फोटो फोनमध्ये आणि क्लाउडवर. पासपोर्ट भिजला की नवीन करायला काय काय लागतं ते तुला सांगायला नको. थोडी कॅश, तीही पाच-दहा डॉलरच्या नोटांत, लाइट नसली की कार्ड मशीन बंद आणि सुट्टे कुणाकडे नसतात.

थांबायचं का निघायचं. किनाऱ्याजवळच्या झिप कोडना इव्हॅक्युएशन झोन ठरवून दिलेत, समुद्र आत येतो त्यासाठी. केटी किनाऱ्यापासून बरंच आत आहे, तरी तुझा झिप कोड एकदा नकाशावर बघून घे. तुमच्या भागाची वेगळी गोष्ट म्हणजे बार्कर आणि अ‍ॅडिक्स ही दोन पाणी अडवायची धरणं, एरवी कोरडी, पार्कसारखी दिसतात, पण हार्वीत ती भरली आणि त्यांच्या मागच्या बाजूच्या वस्त्यांत पाणी शिरलं, सिंको रँचकडेसुद्धा. तुझी बिल्डिंग त्या पाण्याच्या टप्प्यात येते का हे काउंटीच्या पूर नकाशावर पत्ता टाकून कळतं, ते या शनिवारी दोघांनी बसून बघा. तू वरच्या मजल्यावर आहेस म्हणजे घर बहुतेक कोरडं राहील, पण गाडी खालीच उभी असते, ती आदल्या दिवशी उंचावरच्या पार्किंगमध्ये नेऊन ठेवायला सांग, टाकी फुल करून.

इथे जुनी म्हण आहे, पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. 2005 मध्ये रीटा वादळाच्या वेळी, कतरिना वादळ नुकतंच होऊन गेल्यामुळे सगळेच एकदम निघाले, ज्यांना गरज नव्हती तेही, लोक तासन् तास हायवेवर अडकले, आणि त्या पळापळीत जितकी माणसं गेली तितकी खुद्द वादळाने टेक्ससमध्ये गेली नाहीत. म्हणून निघायचा आदेश तुमच्या भागाला आला तर लगेच, पहिल्याच दिवशी निघा, नाही आला तर घाबरून उगाच रस्त्यावर येऊ नका. पण एक तिसरा मार्ग लोक विसरतात, वादळ निघून गेल्यावर जायचं. पाणी ओसरलंय, रस्ते मोकळे झालेत आणि लाइटचं काही खरं दिसत नाही, अशा वेळी तुझ्यासारख्या घराने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच ऑस्टिन किंवा सॅन अँटोनियोला ओळखीच्यांकडे जावं. कुणाकडे जायचं ते आजच फोन करून ठरवून ठेव, मागायला संकोच करू नकोस. आणि रस्त्यावर पाणी दिसलं की गाडी मागे फिरवायची, फूटभर पाण्यात छोटी गाडी वाहून जाते.

सासूबाईंचं. निसर्ग आलं ते 3 जून 2020 ला, त्यांनी ते उघड्या डोळ्यांनी पाहिलंय, नारळी-पोफळी आडव्या झालेल्या, कित्येक गावांत किती तरी दिवस वीज नाही, त्यामुळे "काही होत नाही हो आई" म्हणून त्यांची भीती जाणार नाही, उलट आपलं कुणी ऐकत नाही असं वाटेल. त्यांना विचार की तेव्हा वादळानंतर घरात सगळ्यात जास्त कशाची अडचण झाली, आणि ते तुझ्या यादीत घाल. मग घरात बसायची जागा दाखव, खिडक्यांपासून लांब, आतल्या भिंतीची बाथरूम किंवा क्लोजेट, तिथे उशा आणि त्यांची खुर्ची कशी ठेवणार ते एकदा करून बघा. बाल्कनीतल्या कुंड्या, झाडू, खुर्च्या सगळं आत येणार, तुळस आधी, ते काम त्यांच्याकडे दे. खिडक्यांना टेप लावायचा नवऱ्याला सुचेल, त्याचा काही उपयोग होत नाही, उलट काचेचे मोठे तुकडे होतात. आणि भारतातल्या एकाच माणसाला ठरवून ठेव, तुम्ही त्याला मेसेज करायचा आणि त्याने बाकी सगळ्यांना कळवायचं, फोन लागत नसला तरी साधा टेक्स्ट बरेचदा जातो.

राहिलं इन्शुरन्सचं, ते तू विचारलं नाहीस पण विचारायला हवं होतंस. भाड्याच्या घराच्या साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान सहसा येत नाही. सरकारी फ्लड इन्शुरन्समध्ये भाडेकरूला फक्त सामानापुरती पॉलिसी मिळते, पण ती घेतल्यापासून लागू व्हायला साधारण 30 दिवस जातात, वादळ समुद्रात दिसल्यावर घेऊन उपयोग नाही. सामान वरच्या मजल्यावर असल्यामुळे तुम्हाला ती खरंच लागेल का ते एजंटला विचार, आणि गाडीच्या पॉलिसीत कॉम्प्रिहेन्सिव्ह कव्हर आहे का तेही त्याच फोनवर विचारून घे, कारण बुडालेल्या गाडीचे पैसे त्यातूनच मिळतात. हा फोन नवऱ्याला सोमवारीच करायला लाव.